लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय? एक्सझेडमधल्या चोरदरवाजाची गोष्ट

०.२९९ सेकंद आणि ०.८०७ सेकंद. एसएसएचवरून, म्हणजे दूरच्या मशीनमध्ये नेटवर्कवरून शिरण्याच्या सोयीवरून, लॉगिनचा एक फसणारा प्रयत्न व्हायला आधी किती वेळ लागायचा आणि काही पॅकेजेस अपडेट झाल्यावर किती लागू लागला, याचे हे आकडे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ते एका सार्वजनिक मेलिंग लिस्टवर टाकले. सोबत अतिशय थंड डोक्यानं, जवळपास अडीच वर्षं खपून रचलेल्या एका घातपाताचा पुरावाही होता.

फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसचे डेव्हलपर, नोकरी मायक्रोसॉफ्टमध्ये. सुरक्षा हा त्यांचा विषय नव्हे. पोस्टग्रेसमधल्या बदलांचा वेगावर काय परिणाम होतो हे ते मोजत होते. असं बारीक मोजमाप करताना मशीनवर दुसरं काही चालू असून चालत नाही, म्हणून बाकी कोण सीपीयू खातंय हे ते बघत होते. तेव्हा एसएसएच सर्व्हरच्या प्रोसेस नको तेवढं काम करताना दिसल्या. चुकीच्या युजरनेमनं आलेला प्रयत्न दारातूनच परत पाठवायचा असतो, त्यात सीपीयूला श्रम पडायचं कारण नाही. त्यांनी प्रोफायलर लावला. वेळ जात होता ‘लिबएलझेडएमए’ या लायब्ररीत, आणि त्यातल्या नेमक्या कुठल्या फंक्शनमध्ये जातोय हे प्रोफायलरला सांगताच येत नव्हतं. तिथे त्यांना काही आठवड्यांपूर्वीची एक गोष्ट आठवली: पोस्टग्रेसच्या स्वयंचलित चाचण्यांमध्ये व्हॅलग्राइंड या मेमरीच्या चुका पकडणाऱ्या साधनानं एक विचित्र तक्रार केली होती, तीही पॅकेजेस अपडेट झाल्यानंतरच. दोन्ही धागे त्यांनी जोडले आणि ओढत गेले.

आता प्रश्न असा की लिबएलझेडएमए तर फाइली दाबून लहान करणारी लायब्ररी. एक्सझेड युटिल्स या संचाचा तो गाभा. लिनक्सवर तिचा वापर सर्रास होतो. कर्नलचा सोर्स, डिस्ट्रोंची (लिनक्सच्या वेगवेगळ्या वितरणांची) पॅकेजेस, लॉग अशा किती तरी गोष्टी एक्सझेडनं दाबलेल्या असतात. पण लॉगिनच्या दाराशी तिचं काय काम?

खरं तर काहीच नाही. ओपनएसएसएच, म्हणजे लिनक्सवरचा नेहमीचा एसएसएच सर्व्हर, त्याच्या मूळ कोडमध्ये तिचा उल्लेखही नाही. पण डेबियन, फेडोरा आणि त्यांच्या कुळातल्या डिस्ट्रो ओपनएसएसएच जसंच्या तसं देत नाहीत. त्यावर त्या आपला एक छोटा पॅच चढवतात. सर्व्हर सुरू झाला की त्यानं सिस्टिमडीला, म्हणजे लिनक्सवरच्या सेवा सुरू करणाऱ्या आणि सांभाळणाऱ्या यंत्रणेला, ‘मी तयार आहे’ एवढं कळवावं, यासाठी तो पॅच. त्या एका निरोपापायी सिस्टिमडीची अख्खी लायब्ररी एसएसएच सर्व्हरमध्ये येते. ती लायब्ररी लॉग दाबायला लिबएलझेडएमए वापरते, म्हणून तीही मागोमाग येते. आणि एकदा लायब्ररी प्रोसेसच्या मेमरीत आली की तिच्यात आणि मूळ प्रोग्राममध्ये भिंत अशी उरत नाही. प्रोग्राम रूटच्या, म्हणजे मशीनवरच्या सर्वोच्च, अधिकारानं चालत असेल तर लायब्ररीतला कोडही रूटच्याच अधिकारानं चालतो. ओपनएसएसएचचा कोड जगातल्या सर्वांत काटेकोरपणे तपासल्या जाणाऱ्या कोडपैकी एक आहे. त्याला हात लावायची हल्लेखोराला गरजच पडली नाही. मागून येणाऱ्या, कुणाचं लक्ष नसलेल्या लायब्ररीत शिरलं की पुरे होतं.

त्या लायब्ररीकडे लक्ष देणारा माणूस होता, पण एकच. फिनलंडचे लासे कॉलिन. कितीतरी वर्षं ते हा प्रकल्प एकहाती आणि बिनपगारी सांभाळत होते.

२०२१ च्या अखेरीस ‘जिया टॅन’ या नावानं त्यांना पॅच येऊ लागले. छोटे, नीटनेटके, उपयोगाचे. २०२२ च्या वसंतात मात्र दुसरंच काही सुरू झालं. ‘जिगर कुमार’ आणि ‘डेनिस एन्स’ अशा नावांनी प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर तक्रारी येऊ लागल्या. पॅच पडून का आहेत? नवी आवृत्ती कधी येणार? मेंटेनर (प्रकल्प सांभाळणारा) बदलल्याशिवाय हे काम पुढे जाणार नाही. जून २०२२ मध्ये कॉलिन यांनी शांतपणे उत्तर दिलं. रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक आरोग्याच्या त्रासामुळे आणि इतर काही कारणांमुळे लक्ष देणं जमत नाही; आणि हा पगार नसलेला, हौसेनं चालवलेला प्रकल्प आहे हेही ध्यानात असू द्या. अलीकडे जिया टॅनबरोबर थोडं काम केलं आहे, पुढे कदाचित त्याची भूमिका मोठी होईल, असंही त्यांनी लिहिलं. त्यावर एन्सचं उत्तर आलं: तुमच्या त्रासाबद्दल वाईट वाटतं, पण स्वतःच्या मर्यादा ओळखा, लोकांना यापेक्षा जास्त हवं आहे.

माझ्या मते खरा हल्ला इथेच झाला. सी भाषेतला कोड पुढचा. या तक्रारखोरांचा ना आधीचा काही माग सापडतो, ना नंतरचा. जिया टॅनला पुढे सरकवण्यासाठीच उभी केलेली ही पात्रं असावीत, असं या प्रकरणाचा अभ्यास केलेल्या बहुतेकांना वाटतं. मला यात सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ही वाटते की त्या मेलांमध्ये संशय यावा असं काहीच नव्हतं. फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्या माणसाला रोज असेच मेल येतात. ‘अजून झालं नाही का’, ‘जमत नसेल तर सोडा’ हा सूर आपल्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याआड हल्लेखोर सहज लपला. आपण खरे वापरकर्ते एरवी जरा बऱ्या भाषेत बोलत असतो, तर ती पात्रं उठून दिसली असती.

पुढचं सगळं सावकाश झालं. २०२३ च्या सुरुवातीपर्यंत जिया टॅनला थेट कोड घालण्याचा अधिकार मिळाला, मार्चमध्ये त्यानं नवी आवृत्ती प्रसिद्धही केली. (तो, ती की एखादा गट हे माहीत नाही; सोयीसाठी ‘तो’ म्हणतो.) गूगलची ओएसएस-फझ नावाची सेवा मुक्त प्रकल्पांवर सतत वेडेवाकडे इनपुट मारून चुका शोधत असते, तिथे संपर्काचा पत्ता म्हणून त्याचा मेल लागला. जूनमध्ये ‘हान्स जान्सेन’ या आणखी एका नावानं ‘आयफंक’ वापरणारे पॅच आले. आयफंक ही सोय तशी निरुपद्रवी. प्रोग्राम सुरू होतानाच सीपीयू कोणता आहे ते बघून एखाद्या फंक्शनची सर्वांत वेगवान आवृत्ती निवडायची, एवढंच तिचं काम. पण यात मेख अशी की निवड करणारा कोड प्रोग्रामच्या अगदी आरंभी चालतो, मेमरीतले महत्त्वाचे तक्ते कुलूपबंद व्हायच्याही आधी. जुलैमध्ये जिया टॅननं ओएसएस-फझमध्ये आयफंक बंद करून घेतलं. कारण दिलं तांत्रिक अडचणीचं, आणि ते पटण्यासारखं होतं. पुढे येणारी गोष्ट ज्या चाचणीत उघडी पडण्याचा संभव होता, ती आधीच बोथट झाली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुख्य काम झालं.

मुक्त सॉफ्टवेअरचा कोड सगळ्यांना दिसतो, मग चोरी लपणार कुठे, असं आपण मानतो. हल्लेखोरानं या समजुतीतली नेमकी फट हेरली. गिटहब या साइटवरच्या सार्वजनिक साठ्यात (रिपॉझिटरीत) दिसणारा कोड एक असतो आणि डिस्ट्रोवाले पॅकेज बनवायला घेतात तो टारबॉल, म्हणजे मेंटेनरनं स्वतः बांधून दिलेला गठ्ठा, वेगळा असतो. मिठाईच्या दुकानात काचेमागे भटारखाना दिसतो, पण हातात येतो तो आधीच बांधून ठेवलेला पुडा, त्यातला प्रकार. टारबॉलमध्ये काही जादा फाइली असणं नेहमीचंच, कारण कोड बांधायच्या, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्राम तयार करायच्या, स्क्रिप्ट तिथे तयार करून घातलेल्या असतात. अशा हजारो ओळींच्या यंत्रनिर्मित स्क्रिप्ट कुणी वाचत बसत नाही. जिया टॅननं बांधणीच्या वेळी कामी येणारी, बदललेली एक एम४ फाइल फक्त टारबॉलमध्ये घातली, रिपॉझिटरीत ती नव्हतीच.

त्या फाइलीत विषारी म्हणावं असं फारसं काही नव्हतं. विष दुसरीकडे, चाचण्यांच्या फोल्डरमध्ये होतं. फाइली दाबणाऱ्या प्रकल्पाच्या चाचण्यांमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या दाबलेल्या फाइली असतातच, कारण बिघडलेली फाइल आली तर प्रोग्राम कोसळतो का हे बघायचं असतं. उघडत नाही, आत कचरा दिसतो, तर ते ठीकच आहे, ती बिघडलेलीच असायला हवी. जिया टॅननं चाचणीच्या नावाखाली दोन फाइली घातल्या. त्यातली ‘बिघडलेली’ फाइल दुरुस्त करायला लागत होतं ते एवढंच: टॅबच्या जागी स्पेस आणि स्पेसच्या जागी टॅब, हायफनच्या जागी अंडरस्कोर आणि अंडरस्कोरच्या जागी हायफन. युनिक्स शिकताना पहिल्या आठवड्यात भेटणाऱ्या ‘टीआर’ या कमांडनं हे एका ओळीत होतं. एम४ फाइल बांधणीच्या वेळी ही अदलाबदल करायची, त्यातून एक शेल स्क्रिप्ट बाहेर पडायची, ती दुसऱ्या चाचणी-फाइलमधून तयार मशीन कोड उपसायची आणि तो लिबएलझेडएमएमध्ये मिसळून टाकायची.

तेही कुठेही नाही. मशीन ६४ बिटचं इंटेल-एएमडी धाटणीचं लिनक्स आहे का, जीसीसी हा कंपायलर आणि ग्नूचा लिंकर वापरात आहे का, डेबियन किंवा आरपीएम पॅकेज बांधलं जातंय का, हे सगळं आधी तपासलं जाई. एखाद्या हौशी डेव्हलपरनं घरी कोड बांधला तर काही घडायचं नाही. हजारो सर्व्हरांवर जाणाऱ्या पॅकेजातच विष उतरायचं.

आता दार कसं उघडायचं ते. एसएसएच सर्व्हर सुरू होताना आयफंकच्या वाटेनं हा कोड जागा व्हायचा आणि आरएसए सही तपासणारं एक फंक्शन ज्या पत्त्यावर असतं, त्या पत्त्याच्या जागी स्वतःचा पत्ता लिहायचा. त्यानंतर कुणी प्रमाणपत्र वापरून जोडणी केली की तपासणीचा कागद आधी याच्या हातात. त्या प्रमाणपत्रातल्या सार्वजनिक किल्लीच्या आकड्यात हल्लेखोर आपला आदेश दडवून पाठवू शकत होता. आदेशावर हल्लेखोराच्या गुप्त किल्लीची, एड४४८ पद्धतीची, सही असेल तरच तो चालायचा. सही नसेल तर काम मुकाट्यानं खऱ्या फंक्शनकडे सोपवलं जाई आणि लॉगिन नेहमीसारखं चालू राही.

याचा अर्थ नीट समजून घेण्यासारखा आहे. पासवर्ड चोरणं किंवा लॉगिन चुकवणं याच्याही पलीकडचं हे होतं: लॉगिन पूर्ण व्हायच्या आधीच, रूटच्या अधिकारानं, हवा तो आदेश. आणि किल्ली एकाकडेच असल्यामुळे दुसरा कुठलाही चोर हे दार वापरू शकत नव्हता, तसंच बाहेरून नेटवर्कवर ठोठावून कुठल्या सर्व्हरमध्ये दार आहे हे कुणाला ओळखताही येत नव्हतं.

मग पकडलं गेलं कसं? लपण्याच्या हौसेपायीच. आपल्या कोडमध्ये संशयास्पद शब्द साध्या अक्षरांत दिसू नयेत म्हणून हल्लेखोरानं ते सांकेतिक रूपात बांधले होते, आणि हवी ती फंक्शन शोधायला सर्व्हर सुरू होताना मेमरीतले नावांचे तक्ते चाळावे लागत. आणि दर जोडणीला सर्व्हरची प्रोसेस नव्यानं सुरू होत असल्यानं दर वेळी हे चाळणं. अर्धा सेकंद तिथे जात होता. फ्रॉइंड यांनीही आपल्या मेलमध्ये हेच मंद पाऊल आपल्या नजरेत भरल्याचं लिहिलं आहे.

एक बारीक गोष्ट मला राहून राहून आठवते. लँडलॉक ही लिनक्समधली सोय प्रोग्रामला आखून दिलेल्या हद्दीबाहेर जाऊ देत नाही. ती मशीनवर उपलब्ध आहे का हे बघायला सीमेक नावाचं बांधणीचं साधन चारदोन ओळींचा नमुना प्रोग्राम कंपाइल करून बघतं. झाला तर सोय आहे, नाही झाला तर नाही. जिया टॅननं २६ फेब्रुवारी २०२४ च्या कमिटमध्ये (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलात) त्या नमुन्यात एका ओळीच्या आरंभी एक टिंब टाकलं. एकच टिंब. त्यामुळे नमुना कुठेच कंपाइल होईना आणि सीमेकनं बांधलेल्या प्रतीत संरक्षण सुरूच होईना. चूक दाखवणारा संदेशही नाही, कारण ‘कंपाइल न होणं’ हे तिथे रीतसर उत्तर आहे. कोड वाचणाऱ्यानं ते टिंब पाहिलं तरी स्क्रीनवरचा कण समजून पुढे जावं, इतकं ते लहान. ३० मार्चला, चोरी उघड झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, लासे कॉलिन यांनी ते शोधून काढून टाकलं.

५.६.० ही आवृत्ती २४ फेब्रुवारीला आली. व्हॅलग्राइंडच्या तक्रारी सुरू झाल्यावर ९ मार्चला ५.६.१ आली, दुरुस्ती म्हणून. मग घाई सुरू झाली. फेडोराच्या लोकांशी जिया टॅन त्या तक्रारींवर स्वतः जातीनं काम करत होता. डेबियननं नवी आवृत्ती घ्यावी म्हणून ‘हान्स जान्सेन’ पुढे आला. उबुंटूनं घ्यावी म्हणून भांडाफोड व्हायच्या आदल्याच दिवशी विनंती झाली. इतक्या धीरानं चालणाऱ्याला शेवटी घाई का झाली असेल? एक तर्क मला सयुक्तिक वाटतो. सिस्टिमडीच्या कोडमध्ये फेब्रुवारीच्या शेवटी असा बदल सुचवला गेला होता की दाबणाऱ्या लायब्ररी गरज पडेल तेव्हाच मेमरीत आणायच्या. तो बदल डिस्ट्रोंमध्ये पोचला असता तर एसएसएच आणि लिबएलझेडएमए यांची साखळीच तुटली असती आणि सगळी मेहनत पाण्यात गेली असती.

फ्रॉइंड यांचा मेल आला तेव्हा दूषित पॅकेजेस डेबियनच्या टेस्टिंग आणि अनस्टेबल शाखांत, फेडोरा ४० च्या पूर्वआवृत्तीत, ओपनसूसे टंबलवीडमध्ये आणि कालीमध्ये पोचली होती. आर्चकडेही टारबॉल होता, पण तिथे एसएसएचला तो पॅचच नसल्यानं दार लागू पडत नव्हतं. बँका, दवाखाने, सरकारी कामं ज्यावर चालतात त्या स्थिर आवृत्त्यांपर्यंत चोरदरवाजा पोचला नव्हता. थोडक्यात वाचलो हे खरं. त्याला सुरक्षेतल्या त्रुटींच्या जागतिक यादीत सीव्हीई-२०२४-३०९४ हा क्रमांक आणि १० पैकी १० तीव्रता मिळाली. उबुंटूनं २४.०४ ची बीटा आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलून पॅकेजेस नव्यानं बांधली.

त्यानंतर काही गोष्टी सुधारल्या. जुलै २०२४ मध्ये आलेल्या ओपनएसएसएच ९.८ मध्ये सिस्टिमडीला निरोप देणारा छोटा कोड थेट घातला गेला, त्या एका निरोपासाठी अख्खी लायब्ररी ओढून आणण्याचं कारण उरलं नाही. टारबॉल आणि रिपॉझिटरी ताडून बघण्याची, आणि त्याच कोडमधून दोघांनी बांधलेलं पॅकेज बिटन् बिट सारखं यावं याची निकड आता जास्त जणांना पटली आहे. एप्रिल २०२४ मध्ये ओपनजेएस फाउंडेशननंही सांगितलं की त्यांच्याकडे असेच मेल आले होते: तातडीची दुरुस्ती हवी, तपशील मात्र नाही, आणि आम्हालाच मेंटेनर करा. ते मेल तिथे वेळेत ओळखले गेले, याचं मला फार समाधान वाटतं.

पैशाची बाजू मात्र तोकडीच आहे. जर्मनीनं २०२२ पासून सरकारी निधीतून अशा पायाभूत मुक्त प्रकल्पांना पैसा द्यायला सुरुवात केली, हे पाऊल मोलाचं आहे. पण ज्या लायब्ररीवर लाखो सर्व्हर उभे आहेत ती एखाद्याच्या फावल्या वेळेवर चालते, ही स्थिती एक्सझेडपुरती नव्हती आणि आजही ती फारशी पालटलेली नाही. आपल्याकडे पुण्या-मुंबईतल्या किती कंपन्या आपल्या उत्पादनाखालच्या लायब्ररींची यादी तरी ठेवतात, आणि ठेवत असतील तर त्यातल्या कुठल्या एकट्या माणसाच्या खांद्यावर आहेत हे बघतात का, हा प्रश्न टीम मीटिंगमध्ये विचारायला काहीच खर्च येत नाही.

जिया टॅन कोण, हे आजवर उघड झालेलं नाही. कमिटांवरची वेळ बहुतांश यूटीसी+८ ची, म्हणजे पूर्व आशियाशी जुळणारी, काही ठिकाणी पूर्व युरोपाशी जुळणारी. पण कमिटवरची वेळ हवी ती लिहिता येते, त्यामुळे त्यावरून देशांची नावं घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

लासे कॉलिन परत कामाला लागले. जुनी कमिटं तपासून, चोरदरवाजा काढून त्यांनी २९ मे २०२४ रोजी ५.६.२ आवृत्ती दिली. त्यातून आयफंकही काढलं. कारणही त्यांनी लिहिलं: सुरक्षेसाठी नव्हे, तर वेगातला फायदा इतका किरकोळ आहे की त्यासाठी एवढी गुंतागुंत बाळगण्यात अर्थ नाही.

तुमच्याकडे २०२४ च्या त्या काळात बसवलेलं आणि नंतर अपडेट न झालेलं एखादं लिनक्स मशीन किंवा कंटेनर पडून असेल, तर टर्मिनलमध्ये एक्सझेडला त्याची आवृत्ती विचारा. ५.६.० किंवा ५.६.१ दिसली तर लगेच अपडेट करा. आणि ते मशीन तेव्हा इंटरनेटला जोडलेलं होतं, एसएसएच उघडं होतं, तर नुसत्या अपडेटवर विसंबू नका, ते पुसून नव्यानं बसवा.